साहेब येणार म्हणून झाडलेली जागा

भुजंगरावांना साहेबाची धास्ती म्हणजे पिढीजात. पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात, आजोबा तिथेच, आणि हे स्वतः जवळच्याच बेळगोळच्या कारखान्याच्या फाटकावर पस्तीस वर्षं पहारेकरी. कुणी पाहणीला येणार म्हटलं की यांच्या घरात आधी केरसुणी निघायची, चहाचं आधण नंतर!

म्हैसुरातल्या त्यांच्या गल्लीच्या मधोमध एक आवार आहे. तसं पाहिलं तर तिथे काय आहे? पोरांचे स्टंप, बायकांची वाळवणं, संध्याकाळी म्हाताऱ्यांच्या खुर्च्या, दसऱ्याला शस्त्रपूजेचा मांडव. पण दोन-दोन खोल्यांत राहणाऱ्यांना पाय पसरायला तेवढीच जागा. ती गेली तर माणसांनी बसावं कुठे, एकमेकांच्या डोक्यावर?

गेल्या वर्षी निरोप आला की शहराच्या नव्या आराखड्यासाठी मोजणीवाला येणार. झालं! भुजंगरावांनी सकाळीच गल्लीला कामाला जुंपलं. वाळवणं उचलली, खुर्च्या आत गेल्या, पोरांना हाकललं, सडा घातला. दुपारी सगळे आपापल्या घरात जेवायला बसले असताना मोजणीवाला आला आणि इथे काय चालतं म्हणून विचारू लागला. हे ताठ उभे राहून म्हणाले की काही नाही सार, एकदम स्वच्छ, मोकळी जागा. वर कागदावर झोकात सहीही ठोकली. शहाणपणाची कमालच म्हणायची.

यंदा त्या आराखड्याचा मसुदा लागला. त्यांची नात नव्या हिने फोनवर नकाशा दाखवला. घरं पिवळी, बागा हिरव्या आणि आवार निळं. निळं म्हणजे दुकानांची इमारत आणि पार्किंग, असं तिने अर्ध्या मराठीत, अर्ध्या कानडीत समजावलं. कारण लिहिलं होतं: जागा विनावापर. गल्लीने हरकत लिहिली, तर तिची पहिलीच ओळ अशी की मोजणीवाला इकडे फिरकलाच नाही, घरबसल्या खोटं लिहून मोकळा झाला. भुजंगरावांनी त्याखालीही सही केली. खरं सांगायला तोंड होतं कुठे?

हरकतीवर पाहणीची तारीख पडली. पहिल्या सहीचं त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. गोदावरीबाईंना मात्र नवरा पुरता ठाऊक. पाहणीच्या सकाळी त्यांनी गल्लीतल्या सगळ्या केरसुण्या गोळा करून कपाटात घातल्या आणि किल्ली कमरेला खोचली.

अकराला नगरयोजनेच्या पवित्रा मॅडम आल्या. आवारात सांडगे वाळत होते, तारेवर कुणाची चादर, मधून पोरांचा चेंडू. साहेबासमोर हा पसारा! भुजंगरावांचे हात शिवशिवत होते. तेवढ्यात मॅडमनी फाइलमधले दोन कागद शेजारी शेजारी धरले. एकात जागा मोकळी, दुसऱ्यात मोजणीवाला आलाच नाही, आणि दोन्हीखाली सही एकाच माणसाची. भुजंगराव कोण, असं त्यांनी विचारलं.

सगळी गल्ली वळून पाहू लागली. एक सही माझी नव्हे म्हणावं, असं भुजंगरावांच्या अगदी ओठांवर आलं. पण दोन्ही सह्या हुबेहूब सारख्या; खोटं पकडलं गेलं की हरकतही खोटी ठरणार आणि आवार जाणार.

"नोडी, बघा मॅडम, दोन्ही सह्या माझ्याच," ते म्हणाले. "तो आला होता. साहेब येणार म्हणून मीच सगळं झाडून लपवलं. ह्या लोकांचा दोष नाही."

"मग आज दिसतंय ते? रोज असंच असतं?"

"रोज. याच्यापेक्षा जास्त पसारा असतो." साहेबापुढे पसारा कबूल करायची जन्मातली पहिलीच वेळ.

मॅडम बराच वेळ लिहीत राहिल्या. निर्णय दोन महिन्यांनी, वरून होईल, असं सांगून त्यांनी कागद पुढे केला. या वेळी भुजंगरावांनी आधी वाचला, तीनदा वाचला. जागा रोजच्या वापरात आहे, असं कानडीत लिहिलं होतं. मग त्यांनी सही केली. हात इतका कापत होता की ती सही आधीच्या दोन्ही सह्यांशी जुळेना.