एकाच वजनगटातल्या दोघी जावा

भिवंडीजवळच्या वळ गावात आमच्या घराखाली एक मोठा गाळा आहे. आधीच्या भाडेकरूने त्यात प्लास्टिकचे क्रेट ठेवले होते. क्रेट बिचारे गप्प असायचे. मग तिथे जिम आली आणि दिवसातून कितीदा तरी खालून लोखंड आपटल्याचा असा आवाज यायचा, की आमच्या फळीवरचे डबे एकमेकांना टाळ्या द्यायचे.

एका दुपारी हळदीचा डबा खाली आला. स्वयंपाकघर पिवळं झालं, जाऊबाई पिवळ्या झाल्या आणि पदर खोचून खाली निघाल्या.

माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणजे आमच्या घराचा आवाज. त्या भांडायला गेल्या की वरच्या मजल्यावर बसून मला शब्दन् शब्द ऐकू येतो. त्या दिवशीही सुरुवात झकास झाली. "ए, कोन हाय मालक इथला? आमचं घर पाडतोस काय?" आणि मग एकदम शांतता. भांडणाचा आवाज येईना म्हणून मला काळजी वाटली. मीही खाली गेले.

बघते तर जाऊबाई एका लोखंडी दांड्यासमोर उभ्या. दांड्याच्या दोन्ही टोकांना चकत्या लावलेल्या. बाजूला जिम चालवणारा तरुण हात जोडून उभा होता. त्याचे वडील कापडाच्या लूमवर कामाला म्हणून भिवंडीत आले, हा इथेच जन्मला. मराठी छान बोलायचा, पण घाबरला की हिंदीत जायचा.

"मावशी, लोहा है, आवाज तो करेगाच ना," तो म्हणत होता.

"मावशी कोनाला बोलतोस? आनि येवढासा दांडा, त्याचा येवढा आवाज? तुमाला धड खाली ठेवता येत न्हाय, म्हनून."

"तो आप रखके दिखाओ."

हे त्याने बोलायला नको होतं. जाऊबाईंच्या माहेरी, अंजूरला, भाताची शेती होती. गोणी उचलण्यात त्यांचं लग्नाआधीचं आयुष्य गेलेलं. त्यांनी निऱ्या वर खोचल्या, वाकल्या, दांडा उचलला, एकदा आमच्या सगळ्यांकडे बघितलं आणि तान्हं बाळ पाळण्यात ठेवावं तसा खाली ठेवला. टिचकीएवढाही आवाज झाला नाही.

त्या पोराने कोपऱ्यातल्या दोन चकत्या आणल्या आणि दांड्याला लावल्या. "ताई," तो आता म्हणाला, "एक बार और."

अशा आम्ही जिमला लागलो. म्हणजे त्या लागल्या आणि मला ओढलं. मी खारबावची. वडील रेल्वेत, त्यामुळे गोणीशी संबंध भात विकत आणण्यापुरताच. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात माझी ओळख 'काडी' अशी. पुढे काडीचं खोड झालं, तरी नाव तेच राहिलं. लग्नकार्यात कोणी मोठा टोप उचलायला घेतला आणि मी पुढे झाले, की ठरलेलं वाक्य यायचं, "तू बस गं, तुला झेपायचं न्हाय." मी बसायचे. खरं सांगायचं तर बसायला बरंही वाटायचं. पण दोन बाळंतपणांनंतर कंबर धरली ती सुटेना. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. मी म्हटलं, करते, आणि मलम लावत राहिले.

पहिल्या दिवशी मला नुसता दांडा दिला, चकत्यांशिवाय. तोही जड वाटला. शेजारी जाऊबाई माझ्यापेक्षा दुप्पट वजन घेऊन, वर मला सूचना देत होत्या. "पाठ सरळ ठेव. श्वास घे. तोंड कशाला वाकडं करतेस? तोंडानं उचलायचं न्हाय."

आमची वेळ दुपारची. पुरुष जेवून आडवे झाले की आम्ही खाली. पंजाबी ड्रेस घालायचा, ओढणी कमरेला आवळायची, आणि कोणी विचारलंच तर 'मागच्या आळीत गेलो होतो' म्हणायचं. मागच्या आळीत आम्हाला काय काम, हे कोणीच विचारलं नाही. हळूहळू माझ्या दांड्याला चकत्या चढल्या. सकाळी अंथरुणातून उठताना 'आई गं' म्हणायची मला सवय होती. एकदा उठून चहा ठेवला आणि लक्षात आलं, आज म्हणायचं राहिलं.

घरात हे फुटलं ते थोरल्या भावजींमुळे. भावजी म्हणजे जाऊबाईंचे यजमान. दुपारी खाली, ओट्याला लागून असलेल्या बाहेरच्या खोलीत लोखंडी कॉटवर झोपतात आणि घोरतात. त्या दिवशी आम्हाला खोली झाडायची होती. जाऊबाईंनी हाका मारल्या, हलवलं, काही उपयोग नाही. मग त्यांच्या डोळ्यांत जे चमकलं ते मला ओळखीचं होतं.

"डोक्याकडून तू धर."

"ताई, नको. भावजी आहेत त्यावर."

"मग? वजन आपल्या रोजच्यापेक्षा कमीच हाय."

मोठ्या दिरांची मी आजवर मान वर करून कधी चेष्टा केली नव्हती. त्या दिवशी मान खाली घालूनच केली, कारण उचलताना नजर तशीच ठेवायची असते. आम्ही कॉट उचलली, दारातून तिरकी काढली आणि ओट्यावर नेऊन ठेवली. भावजींचं घोरणं एकदाही तुटलं नाही. ते उठले तेव्हा समोरून गोडाऊनला चाललेल्या कामगार बायका त्यांच्याकडे बघून हसत होत्या. आत येऊन त्यांनी विचारलं, "मला बाहेर कोनी नेलं?" जाऊबाई म्हणाल्या, "आमी दोघींनी." भावजींनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. माझ्या नवऱ्याने माझ्या दंडांकडे पाहिलं. त्या घरात मला 'काडी' म्हणण्याचा तो शेवटचा दिवस असावा.

काही महिन्यांनी आमच्या सरांनी (तो पोरगा आता आमचा सर झाला होता) सांगितलं, की भिवंडीतच स्पर्धा आहे. एकच प्रकार, डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून बार उचलून ताठ उभं राहायचं. तीन संधी. चाळिशीपुढच्या बायकांचा वेगळा गट. आम्ही लगेच हो म्हटलं. मग त्याने आमची वजनं केली आणि चेहरा पाडून म्हणाला, "एक प्रॉब्लेम आहे. तुम्ही दोघी एकाच वजनगटात येता."

एकोणसत्तर किलोपर्यंतचा गट. दोघीही काठावर. आम्ही एकमेकींकडे पाहून गोड हसलो. त्या हसण्याचा अर्थ दोघींनाही कळला. एकीचं वजन जरा वाढलं तर ती वरच्या गटात जाईल आणि दुसरीला रान मोकळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ताटात घारगे होते. "खा," जाऊबाई म्हणाल्या. "बारीक दिसतेस." मी मान डोलावली, आणि संध्याकाळी साजूक तुपातले बेसनाचे लाडू वळले. "ताई, ताकद पाहिजे ना तुम्हाला." त्यांनी कोळंबीचा रस्सा आणि तांदळाच्या भाकऱ्यांची चळत केली. मी शिरा केला. आमच्या घरात इतकं प्रेम त्याआधी कधी वाहिलं नव्हतं. सासूबाई शेजारणीला कौतुकाने सांगायच्या, "माझ्या सुना बघ, एकमेकींच्या तोंडात घास घालतात."

मी काही खुळी नव्हते. जाऊबाईंची पाठ वळली की माझं अर्धं ताट मी नवऱ्याच्या ताटात सरकवायचे. तो आधी संकोचला, मग सवय झाली.

स्पर्धेच्या सकाळी वजन होतं. एका शाळेचा हॉल. पडद्यामागे मी काट्यावर उभी राहिले, गटात बसले. माझ्यामागून जाऊबाई चढल्या, त्याही गटात बसल्या. बाहेर येऊन त्यांनी मला न्याहाळलं.

"लाडू मी खाल्ले न्हायत," त्या म्हणाल्या. "घारगे तू खाल्लेस?"

"नाही."

दोघींची नजर एकदमच समोरच्या बाकाकडे गेली. तिथे आमचे नवरे, दोघे सख्खे भाऊ, शेजारी शेजारी बसले होते. दोघांच्याही शर्टाची मधली बटणं जीव मुठीत धरून होती. जाऊबाईंना हसू आवरेना. भिंतीला धरून हसत बसल्या, मला वाटलं ताकद इथेच संपते की काय.

स्पर्धेचा पोशाख अंगाला घट्ट बसणारा असतो. जाऊबाईंनी त्यावर घरची मॅक्सी चढवली होती, फुलाफुलांची. नाव पुकारल्यावर त्या मॅक्सीतच स्टेजपर्यंत गेल्या, तिथे ती काढली, घडी केली आणि निवेदकाच्या हातात दिली. त्यांचं उचलून होईपर्यंत तो एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात मॅक्सी धरून उभा होता.

पहिल्या फेरीत मी पंच्याऐंशी उचलले, त्यांनी नव्वद. दुसऱ्या फेरीत मी पंच्याण्णव. त्यांनी शंभर लावले आणि उचललेही. पण नियम असा की ताठ उभं राहिल्यावर पंच हात खाली करून 'डाउन' म्हणेपर्यंत बार सोडायचा नाही. भावजी बाकावरून ओरडले, "शाब्बास!" जाऊबाई म्हणाल्या, "गप ऱ्हावा!" आणि बार खाली ठेवून दिला. तिन्ही पंचांचे दिवे लाल, म्हणजे बाद.

"उचलला का न्हाय?" त्यांनी पंचांना विचारलं.

"उचललात, ताई. पण आधीच ठेवलात."

"मग कवा ठेवू? संध्याकाळी?"

हॉल हसला. त्याही हसत खाली आल्या. पण पडद्यामागे येऊन खुर्चीवर बसल्या तेव्हा हसू नव्हतं. पकडीसाठी हाताला लावलेली खडूची पूड पुसून झाली तरी पुसतच होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. आयुष्यभर त्या उचलतच आल्या होत्या, गोण्या, टोप, माणसं. उचललेलं कोणी 'नाही' म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

"सगळी बघतात गं," त्या हळूच म्हणाल्या. "परत चुकलं तर?"

मी म्हटलं, "लोकांकडे बघू नका. मी पंचांच्या मागे उभी राहते, माझ्याकडे बघा. ते डाउन म्हणेपर्यंत सोडायचं नाही. गॅसवर भात करपला तरी."

"भात करपला तर वास येतो."

"आला तरी."

तिसऱ्या फेरीत पुन्हा शंभर. मी समोर उभी राहिले. त्या माझ्याकडे बघत ताठ उभ्या राहिल्या, गळ्याच्या शिरा फुगल्या, चेहरा लाल. भावजींच्या तोंडावर माझ्या नवऱ्याने हात ठेवला होता. पंचांचा हात खाली आला. बार खाली. तिन्ही दिवे पांढरे.

आता माझी पाळी. सरांनी विचारलं, "ताई, किती लावू? शंभरच्या वर गेलात तर पहिला नंबर. खाली राहिलात तरी पदक आहेच."

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या धापा टाकत माझ्यासमोर आल्या आणि माझ्या कमरेचा पट्टा एवढा आवळला की डोळ्यांत पाणी आलं.

"लाव त्याहून जास्त," त्या सरांना म्हणाल्या. मग मला, "हरलीस तर घरी येऊ नको."

"आणि जिंकले तर?"

"तर मी दुसरी. बघू मग. तू उचल आधी."

एकशे अडीच किलो. बार जमिनीपासून सुटेना असं वाटलं, मग सुटला. गुडघ्यांपाशी अडला. समोर पंच होते, त्यांच्यामागे फुलाफुलांची मॅक्सी घालून जाऊबाई उभ्या होत्या आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होत्या, "तोंड वाकडं करू नको!" मी तोंड सरळ केलं. का कोण जाणे, बाकीचंही सरळ झालं. उभी राहिले. पंचांचा हात खाली येईपर्यंतचा तो एवढासा वेळ मला पुरवून पुरवून घ्यावासा वाटला. मी हॉलभर नजर फिरवली. मग ठेवला. पाळण्यात बाळ ठेवल्यासारखा नव्हे. चांगला आपटून.

संध्याकाळी आळीतल्या बायका ओट्यावर जमल्या. जाऊबाईंनी स्वतःचं पदक गळ्यात घातलं, मग माझंही काढून त्यावर घातलं. "मी सांगते सगळं," त्या म्हणाल्या. "तू चहा टाक."

मी आत चहा टाकला. बाहेरून त्यांचा आवाज स्पष्ट येत होता. "शंभर मी उचलले. आनि आमची धाकटी? एकशे दहा!" आधण उकळेपर्यंत ते एकशे वीस झाले होते. दूध ओतलं तेव्हा त्या माझ्या दंडांचं वर्णन करत होत्या. मी कप भरून बाहेर नेले, सगळ्यांच्या हातात दिले आणि आकड्याबद्दल एक अक्षर बोलले नाही.