सासऱ्यांच्या बंडीत काय होतं

चंद्रपूरच्या आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात मिलिमीटर लहरींचं स्कॅनर तयार होत होतं. इस्त्रीएवढंच यंत्र. कपड्यांवरून सावकाश फिरवलं, की आत दडवलेल्या वस्तूचा त्रिमितीय आकार लॅपटॉपवर उमटायचा. व्याघ्रप्रकल्पाच्या मोहर्ली गेटवर वनखात्यासाठी त्याची चाचणी होती. यंत्र घेऊन निघालो आणि वाटेत सासुरवाडीला मुक्काम केला.

चहा घेता घेता सासूबाईंना मी यंत्राचं काम सांगितलं. त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"कपड्यातलं दिसते म्हंता, जावईबापू? मंग याइले लावा. डॉक्टरनं तंबाखूचा खर्रा बंद सांगतला, अन् हे लपून खाऊन राह्यले."

सासरे खाटेवर बसले होते. त्यांचं कानाचं मशीन धानाच्या बांधीत पडून हरवलं, असं ते सांगत. तेव्हापासून त्यांच्याशी बोलायचं म्हणजे गावाला ऐकवायचं. मी ओरडून परवानगी मागितली. त्यांना वाटलं, जावई बीपी तपासतो आहे. खुशीनं उभे राहिले.

"हलू नका!"

"काय म्हंता?" म्हणत ते वळले, आणि पडद्यावर नुसतं पिठलं झालं.

दुसऱ्या खेपेला सासूबाईंनीच त्यांचे खांदे धरले. बंडीच्या आतल्या खिशात काहीतरी दिसलं. पण खर्र्याची पुडी नव्हती. काजूएवढी वाकडी वस्तू, एका टोकाला बारीक नळी. सासूबाई पडद्याला नाक लावून बघत राहिल्या.

"अवो! हे तं कानाचं मशीन होय!"

त्यांचं बोट पडद्यावर बघून सासऱ्यांना सगळं कळलं. मशीन काढून त्यांनी तळहातावर ठेवलं.

"काय करू, जावईबापू? तुमची सासू दिवसभर बोलूनच राह्यते. कानाले बी सुट्टी पायजे ना!"

मला हसावं की यंत्र गुंडाळावं, कळेना. सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. मी घाबरलो. मग त्या खांदे हलेपर्यंत हसल्या. हसून झाल्यावर मशीन स्वतःच्या हातानं नवऱ्याच्या कानात बसवलं, समोर पाट घेतला आणि इतक्या दिवसांचं राहिलेलं सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. नणंदेच्या घरचं लग्न, मोडलेली मोटर, शेजारणीची बकरी. सासरे मान हलवत ऐकत होते. मध्ये एकदा म्हणालेसुद्धा, "बकरीचं मले कोणी सांगतलंच नाई!"

दुसऱ्या दिवशी मोहर्लीला वनखात्याच्या साहेबांनी विचारलं, "याआधी कुणावर वापरून बघितलंय?"

"घरच्या माणसांवर," मी म्हणालो, आणि घाईघाईनं वायरी जोडायला लागलो.