रसभरीच्या तेलाचा तिसरा नमुना

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तीही निवृत्तीनंतर. ठाण्याच्या डायरीपलीकडे कधी काही लिहिलं नाही, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण ती घटना आजही आठवते, आणि आठवली की माझी नजर समोरच्याच्या पायांकडे जाते.

तेव्हा मी भिलाईत ठाणेदार होतो. सकाळच्या हजेरीनंतर खबऱ्या आला. नंदिनी नगरात दोन घरांतली माणसं पाय सुजून, धाप लागून दवाखान्यात होती. दोन्ही घरांत रसभरीच्या बियांचं तेल होतं, त्यातच भजी तळली होती. मुरब्ब्याच्या कारखान्यातल्या टाकाऊ बियांपासून जवळच्या उतई गावची एक विधवा ते काढायची.

हातातला चहा तसाच राहिला. पौष्टिक म्हणून तेच तेल मी स्मृति नगरला लेकीला नेऊन दिलं होतं. तिला सातवा महिना होता.

शिशी आणायला गेलो, तर तिचेही पाय सुजलेले.

"बाबा, कावून माझ्या पायाकडे पाहून राहिले? या दिवसांत सुजतेच ना."

"किती घेतलं?"

"रोज एक चमचा. तुमीच तर आणलं!"

तिला लगेच डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "तेल बंद करा. अहवाल येईस्तोवर लक्ष ठेवू." त्या दोन घरांचे आणि लेकीकडचा, असे तिन्ही नमुने सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवले. तिसरा माझ्या घरचा, हे मी वरिष्ठांपासून लपवलं.

उतईच्या त्या बाईवर मी ओरडलो तसा कुठल्या चोरावरही ओरडलो नव्हतो. ती म्हणाली, "मारा जी, पण आधी वास घेऊ द्या."

जप्तीतली उरलेली शिशी तिनं हुंगली. "हे मायं नाही. याले सरसोचा झणका आहे. आन् यात भजे तळले म्हणता? मायं सगळ्याइले एकच सांगणं, कच्चंच भातावर घ्या. आचेनं त्याचा गुण मरते. फेरीवाल्याले विचारा. मायाकडून चार शिशा नेते, विकते चाळीस."

फेरीवाला दुपारीच कबूल झाला. स्वस्त सरसोच्या, म्हणजे मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या विषारी बियांची भेसळ होती; पाय सुजतात ते त्यानंच. माझी शिशीही त्याचीच. ती चारातली की बाकीच्यांतली?

"मले काय माहीत, साहेब!"

आता ग्रंथालयात वाचतो, की अशा बियांच्या तेलात शरीराला लागणारे स्निग्ध घटक आणि ई जीवनसत्त्व असतं. त्या बाईला ते पुस्तकाविना ठाऊक होतं. भ्यालेल्या माणसानं तपास करू नये. तो गुन्हेगार शोधत नाही, सुटका शोधतो. तो तपास मी दुसऱ्याकडे सोपवायला हवा होता.

रोज लेकीच्या पायावर बोट दाबून पाहत होतो. खळगा भरायला किती वेळ लागतो, ते मोजत होतो. नवव्या दिवशी ठाण्यात फोन वाजला. पहिले दोन नमुने विषारी. तिसरा शुद्ध, रसभरीचाच.