कॅसेटच्या शेवटी उरलेली जागा

आमच्या गल्लीत कुणाकडे काय शिजतंय हे नाकाला कळतं आणि वोहिद-अको, म्हणजे आमचे वोहिददादा, घरी आलेत की नाही हे कानाला. ताजिकिस्तानातल्या आमच्या खुजंदच्या रेशीम कारखान्यात माग दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. दिवसभर खडखडाट सोसलेल्या माणसाला संध्याकाळी शांतता हवी असते असं म्हणतात. ह्या माणसाला गाणं हवं असायचं. बाजारातल्या टपरीवरून भरून आणलेलं, रेडिओवरून टिपलेलं, नाहीतर लग्नाच्या मांडवात स्वतः टेपरेकॉर्डर वाहून नेऊन उतरवून घेतलेलं. पाहुण्यांच्या खोलीतला मोठा कोनाडा, ज्यात इतरांच्या घरी रजयांची चळत असते, तो त्यांच्या घरी जमिनीपासून वरपर्यंत कॅसेटींनी भरलेला होता.

माणूस दिलदार, पण गाण्याच्या बाबतीत नाकावर माशी बसू देत नसत. गाणं चालू असताना कुणी तोंड उघडलं की ते टेप बंद करत, त्याच्या पेल्यात चहा ओतत आणि म्हणत, "तुझं होऊ दे आधी. गाण्याला घाई नाही." बोलणारा मेल्याहून मेल्यासारखा व्हायचा. काही जण तर याच भीतीने त्यांच्याकडे चहाला जात नसत.

कॅसेट मागायला आलेल्याला मात्र ते कधी नाही म्हणाले नाहीत. आणि त्यातूनच आमच्या गल्लीला एक खोड लागली. शेजारणीचा वाडगा आम्ही रिकामा परत करत नाही. त्यातून दूधभात आला असेल तर जाताना चार जर्दाळू जातात, जर्दाळू नसतील तर मूठभर बेदाणे, अगदीच काही नसेल तर रोटीचा तुकडा. कुणी सुरू केलं कोण जाणे, पण लोक कॅसेटही रिकामी परत करेनासे झाले. गाणी संपल्यावर फितीच्या शेवटी थोडी कोरी जागा उरते ना, तिथे काहीतरी भरून द्यायचे. एखादी म्हातारी दुवा द्यायची. कुणाची पोर शाळेतली कविता म्हणायची आणि मागे तिची आई पुढची ओळ कुजबुजायची. इल्याऊ न्हावी सगळं आवरून परदेशी गेला, त्याआधी त्याने गल्लीतल्या एकेकाचं नाव घेऊन निरोप घेतला होता, तोही असाच एका कॅसेटच्या शेवटी.

वोहिद-अको याला शेपूट म्हणत. गाणं संपलं की त्यांचं बोट बटणावर. शेपटं त्यांनी कधी ऐकलीच नाहीत. वाडग्यातले बेदाणे कुणी मोजून बघतं का, असं त्यांचं म्हणणं. त्यांची बायको मुहय्यो-आपा मात्र नवरा पाळीवर गेला की कणीक मळता मळता शेपटं ऐकायची आणि एकटीच हसायची.

अशी वर्षं गेली. कारखाना आधी अर्धा बंद पडला, मग पुरता. हिवाळ्यात वीज दोन-चार तास यायची, तेवढ्यात गाणं उरकायचं. टेपरेकॉर्डर म्हातारा झाला होता. फीत चावायचा. मग अको पेन्सिल घालून ती गुंडाळत बसायचे, तोंडाने यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

गेल्या वसंतात मुलगा शोदमोन रशियातून लग्नासाठी आला. मुलगी ठरलेली होती, तारीख ठरलेली होती. प्रश्न होता कोनाड्याचा. सून येणार म्हणजे तिच्या रजया येणार, आणि रजया पाहुण्यांच्या खोलीत, समोरच्या कोनाड्यात, सगळ्यांना दिसतील अशाच लागायला हव्यात. तिच्या आईने त्या वर्षानुवर्षं शिवलेल्या असतात. त्या मागच्या खोलीत ढकलल्या तर व्याही जेवणावरून उठून जातील, आणि त्यांचं काही चुकलं असं आमच्याकडे कुणी म्हणणार नाही.

शोदमोन पोरगा समजूतदार. त्याने बापाला नुसतं हलवा म्हटलं नाही. आठवडाभर खपून एकेका कॅसेटवरचं नाव वाचलं, ती ती गाणी शोधून काढली आणि नव्या फोनमध्ये भरली. मग एका संध्याकाळी फोन बापापुढे ठेवला. अकोंनी ऐकलं आणि त्यांचे डोळे भरून आले. खरखर नाही, घरघर नाही. गायकाने श्वास घेतला तोसुद्धा ऐकू आला. तीस वर्षं आपण हे गाणं गोणपाटाआडून ऐकत होतो, असं ते म्हणाले.

तरी चार-सहा दिवस ते कोनाड्यासमोर बसून राहिले. कॅसेट काढायची, पुसायची, परत ठेवायची. नदीपलीकडे जुन्या काळच्या थाटाची एक खानावळ निघणार होती. तिचा मालक, अंगाला अत्तर लावणारा एक तरुण, सगळ्या कॅसेटी एकदम न्यायला तयार होता. शोदमोन गप्प होता. बोलली ती मुहय्यो-आपा.

"गाणी विकताय की गल्ली विकताय?" तिने विचारलं.

"गाणी फोनमध्ये आहेत."

"आणि शेपटं?"

"तू काय रजया अंगणात रचणार आहेस?"

रजयांपुढे कुणाचं काही चालत नाही. दुसऱ्या दिवशी खानावळवाला गाडी घेऊन आला आणि कोनाडा रिकामा झाला. लग्न झालं, रजया लागल्या, व्याह्यांनी तोंड भरून कौतुक केलं. शोदमोन परत गेला. सून घरात रुळली.

उन्हाळाभर वोहिद-अको फोनवर गाणी ऐकत राहिले. पहिले काही दिवस हौसेने. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की ह्या फोनला थांबणं माहीत नाही. एक गाणं संपतं न संपतं तोच दुसरं आपणहून सुरू होतं, पहिला पाहुणा चपला घालतोय तोवर दुसऱ्याने येऊन बसावं तसं. आणि दार कुणी वाजवेना. पूर्वी आठवड्यातून दोन-तीन जण तरी कॅसेट मागायला यायचे, बसायचे, चहा व्हायचा. आता ज्याच्या त्याच्या खिशात सगळी गाणी. मागायचं काय आणि परत काय करायचं? कॅसेटी गेल्याचं दुःख त्यांना झालंच, पण कुणी विचारलं की ते म्हातारपणावर ढकलत आणि पाय दुखतात म्हणून सांगत.

जर्दाळूची पानं पिवळी पडली तेव्हा साओदत आली. ही एर्गाशची धाकटी मुलगी. रशियात शिवणकाम करते. बापाची बरसी करायला आली होती.

एर्गाश कोण ते सांगायला हवं. इस्फराच्या रस्त्यावर बस चालवायचा. गळा भोंग्यासारखा, मन लोण्यासारखं. वोहिद-अकोंचा लहानपणापासूनचा सोबती. ह्याच्या ताटातला घास त्याने खायचा अशी दोस्ती. ती तुटली एर्गाशच्या थोरल्या मुलीच्या लग्नात. गाणारा मोठा होता, म्हातारा झालेला, पुन्हा गाईल की नाही कुणास ठाऊक असा. अको टेपरेकॉर्डर घेऊन पुढ्यातच बसले होते. गाणं ऐन रंगात आलं आणि आनंदाने वेडा झालेला एर्गाश मध्येच उठून पाहुण्यांना ओरडला, ओश तयार आहे, चला, वाढायला घ्या. अकोंनी टेप बंद केला आणि भर मांडवात, नव्या व्याह्यांसमोर त्याला म्हणाले, "गाढवाच्या कानाला गाणं काय आणि भोंगा काय." एर्गाश खाली मान घालून ओशचा भात वाढत राहिला.

दुसऱ्या दिवशी अकोंनी ती कॅसेट त्याच्या घरी पाठवून दिली, घे तुझी घाण म्हणून. काही दिवसांनी ती परत आली. त्यांनी ती कोनाड्यात सगळ्यांत खाली टाकली, मुहय्यो-आपाच्याही हाताला ती कधी लागली नाही. नासलेलं गाणं कोण ऐकणार? मग ते वाट बघत राहिले की एर्गाश येईल आणि चुकलो म्हणेल. एर्गाश आला नाही. सुंभ जळतो पण पीळ जात नाही. रस्त्यात सलाम व्हायचा, तेवढाच. पुढे एर्गाशला झटका आला आणि त्याची वाचा गेली. चारेक वर्षं तो ओट्यावर नुसता बसून असायचा. गेल्या साली गेला.

साओदतने ओश आणला होता, बरसीचा. बसली, चहा झाला, मग तिने ह्या अमाकला, म्हणजे काकाला, विचारलं.

"अमाक, बाबांचे फोटो खूप आहेत. व्हिडिओही आहेत, पण सगळे आजारपणातले. आवाज कुठेच नाही. ताईच्या लग्नाची कॅसेट तुमच्याकडे आहे ना? मीच परत आणून दिली होती, लहान होते तेव्हा. मला एकदाच ऐकायचंय."

मुहय्यो-आपाने नवऱ्याकडे बघितलं. अकोंनी फोन काढला, उगाच वरखाली केला. त्यात नाही एवढं त्यांनाही माहीत होतं. मग म्हणाले, "उद्या ये पोरी. शोधून ठेवतो."

ती गेल्यावर त्यांनी टोपी घातली आणि नदीपलीकडे गेले. खानावळीत गर्दी होती. कॅसेटी होत्या, सगळ्या होत्या, एका भिंतीवर विटांसारख्या रचून पक्क्या चिकटवलेल्या. पोरी त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढत होत्या. अकोंनी स्वतःचं अक्षर ओळखलं. पण ती कॅसेट सापडेना, म्हणून ते वाढप्याला विचारायला वळले, तेव्हा त्यांचं डोकं कशालातरी लागलं. वर बघितलं तर छतापासून काळ्याभोर झिरमिळ्या लोंबत होत्या, दारातल्या वाऱ्याने हलत होत्या. सगळ्या कॅसेटींच्या फिती ओढून काढून टांगल्या होत्या. वाढप्या म्हणाला, आजोबा, लोकांना फार आवडतं हे. बसा ना, काय घेणार?

ते बसले नाहीत. घरी आले आणि न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी साओदत आली तेव्हा त्यांनी काही लपवलं नाही. कोनाडा, रजया, खानावळ, झिरमिळ्या, सगळं सांगितलं. तिने रागाने काहीतरी बोलावं, असंच त्यांना वाटत होतं. तिने हातातला पेला फिरवला.

"जाऊ दे अमाक," ती म्हणाली. "तुमचंच होतं ते. तुम्हाला उद्देशूनच बोलले होते बाबा."

"काय बोलला होता?"

तिने मान वर केली. ते असं का विचारतात हे आधी तिला कळेना.

"शेवटच्या कोऱ्या जागेत," ती म्हणाली. "तुम्ही ऐकलंच असेल. मी शेजारीच बसले होते, मला बटण दाबायला दिलं होतं. म्हणाले, वोहिद, तुझं गाणं मी नासवलं. माझी अक्कल भोंग्याएवढीच आहे. रागावू नकोस. गुरुवारी ओश करतोय, आपण दोघंच, तू ये. नाही आलास तर समजेन, आणि परत विषय काढणार नाही."

बाहेर सून अंगण झाडत होती.

"केला होता?" अकोंनी विचारलं.

"हो. मी कोपऱ्यावर उभी होते, तुम्ही दिसलात की पळत येऊन सांगायचं म्हणून. मग अंधार पडला. आईने मला आत बोलावलं. आई चिडली होती, म्हणाली, एवढं करून आला नाही मेला. बाबा म्हणाले, त्याने ऐकलंय, त्याचं मन होत नसेल, आता त्याला कुणी काही बोलायचं नाही."

"मी ऐकलं नाही, पोरी."

साओदतने पेला खाली ठेवला.

"गाणं नासलेलं होतं म्हणून लावलीच नाही. कुठलंच कधी शेवटपर्यंत लावलं नाही मी."

तिने तोंड वळवून डोळे पुसले. उठताना ती दुवा घ्यायला त्यांच्यापुढे वाकली, लहानपणापासूनच्या सवयीने, आणि त्यांना तिच्या डोक्यावर हात ठेवता आला नाही. मुहय्यो-आपा तिला दारापर्यंत सोडून आली.

परत येऊन बघते तर अको रजयांच्या चळतीकडे तोंड करून बसलेले. ती शेजारी बसली. तेव्हा ते बोलले.

"जनाज्याच्या वेळी इमामांनी विचारलं होतं ना, ह्या माणसाबद्दल कुणाच्या मनात काही राग असेल तर त्याला माफ करा म्हणून."

"हो. असं विचारतातच."

"सगळ्यांत मोठ्याने मी बोललो होतो, मुहय्यो. माफ केलं म्हणालो."