मडमेचं चायना

बोलण्याआधी ते डोक्यावरची पगडी दोन्ही हातांनी सरळ करत आणि मग सांगत, "इंग्रजीत एका शब्दाला एकच अर्थ. दोन-दोन ठेवायला ती काय मराठी आहे?"

रत्नागिरीच्या कचेरीत ते अव्वल कारकून होते. मी त्यांच्या हाताखाली, शिवाय शेजारी. त्यामुळे हे ज्ञान मला दिवसा कचेरीत आणि संध्याकाळी अंगणात असं दोनदा मिळे. हिंदुस्थान म्हटलेलं त्यांना खपत नसे. "इंडिया म्हणा. साहेबानं ठेवलंय ते नाव." बारसं आपल्या घरचं आणि नाव ठेवणारी आत्या विलायतेची! पण त्यांना सांगणार कोण?

मिठाच्या सत्याग्रहाच्या थोडं आधीची गोष्ट. कचेरीच्या गोऱ्या साहेबांची बदली झाली. बंगल्यावर बांधाबांध चालू असताना त्यांच्या मडमेनं यांना बोलावून इंग्रजीत बजावलं, माझं चायना तुमच्या हवाली, जपा.

चायना म्हणजे चीन, हे यांना पाठ होतं. पण चीन जपायचा कसा? विचार करत फाटकाशी आले, तर तिथे मडमेला रेशीम विकणारा चिनी फेरीवाला गाठोड्याला टेकून तापानं कुडकुडत बसलेला. यांना उलगडा झाला. त्याला गाडीत घालून त्यांनी सरळ घरी आणलं.

"हे कोण?" वहिनींनी विचारलं.

"सरकारी काम आहे."

पडवीत घोंगडी पडली. पेज आणि काढा सुरू झाला.

इकडे बंदरावर हमालांनी मडमेच्या कपबशांच्या पेट्या बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात आदळल्या. निम्म्यांचा चुरा झाला. इंग्रजीत चिनीमातीच्या भांड्यांनाही चायनाच म्हणतात, हे अव्वल कारकुनांना धक्क्यावर चार माणसांत कळलं. त्यांनी पगडी सरळ केली, पण बोलले काहीच नाहीत. बोटीवर चढण्याआधी साहेबांनी त्यांची मंडणगडला बदली करून टाकली.

गाव महिनाभर हसलं. 'चीनचे वकील' हे नाव बाजारात रूढ झालं. ज्यांना स्वतःला 'चायना'चा एकही अर्थ ठाऊक नव्हता, ते सर्वांत मोठ्यानं हसत.

धक्क्यावरून ते परतले त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होतो. पेजेचं भांडं हातात धरून वहिनी म्हणाल्या, "हुकूम नव्हताच म्हणतात. मग याला धर्मशाळेत पाठवायचं का?"

त्यांनी चिन्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"हुकूम कपबशांचा होता," ते म्हणाले, "ताप माणसाला आलाय. राहू दे."

साहेबाला न विचारता त्यांनी काढलेलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो. चिनी उठून बसेपर्यंत ते मंडणगडला गेले नाहीत. उशिरा हजर झाल्याचा ठपका बसला, तो त्यांनी मुकाट्यानं घेतला. पुढे तिकडेच वारले. रत्नागिरीला परत आलेच नाहीत.

ते मंडणगडला निघाले त्या सकाळी कचेरीतलं कोणी आलं नाही. मी होतो, आणि तो चिनी. त्याला मराठी येत नव्हती आणि इंग्रजीही. गाडी चढावाला लागली तशी त्यानं आपल्यासारखे हात जोडले. गाडी दिसेनाशी झाल्यावर मी घरी वळलो. तो तसाच उभा होता.