टीव्हीला आवाज आलाय, पण पोराला सांगितलं नाही

मंडळी, पोरगा या ग्रुपात नाही म्हणून लिहून राहिलो. आज त्याच्याशी खोटं बोललो.

नांदेडला मी एकटाच असतो. त्यानं पुण्याहून नवा स्मार्ट टीव्ही पाठवला. आवाज मात्र पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. भोकरला लाउडस्पीकर भाड्यानं देऊन वर आलेला माणूस मी, कानाला सहन होईना. म्हटलं जुना अ‍ॅम्प्लिफायर जोडू, तर टीव्हीला लाल-पांढऱ्या पिनांची जागाच नाही.

एरवी रविवारी "जेवलात का?" एवढंच विचारणारा पोरगा आठवडाभर रोज व्हिडिओ कॉल करतोय.

"पप्पा, मोबाईल टीव्हीच्या मागं धरा. मागं म्हणलं, छताकडं न्हाई."

मग वायरीवरून बोलणं त्याच्या ऑफिसवर, नातीच्या पडलेल्या दातावर जायचं.

आज दुपारी बाजारातून त्या पिना बसतील असा छोटा कन्व्हर्टर आणून अ‍ॅम्प्लिफायर जोडला. आवाज असा खणखणीत आला की समोरचे खिडकीत आले. तेवढ्यात पोराचा फोन. मी आधी टीव्ही बंद केला.

"आला का आवाज?"

"न्हाई रे. नुसती खरखर."

"असू द्या पप्पा, उद्या परत बघू."

आता कन्व्हर्टर काढून कपाटात ठेवलाय, उद्या व्हिडिओत दिसायला नको. तुम्ही माझ्या जागी असता, तर खरं सांगितलं असतं का?