सीटखालची चार भोकं

आमच्या सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा, गाडीवर जेवढा जीव आहे, त्याच्या निम्मा जरी आपल्या वाट्याला आला असता तर आपण इतक्या चिडक्या झालो नसतो, असं सासूबाई म्हणतात. गाडी त्यांच्या लग्नाच्याही आधीची. कारखान्यात लेथ चालवणाऱ्या माणसानं हौसेनं घेतलेली, तीही जुनीच. निवृत्त झाल्यावर बाबांनी तिचा ध्यासच घेतला. दाराची मूठ, दिव्याची काच, हॉर्नचं बटण, सगळं कंपनीतून आलं तेव्हा होतं तसंच हवं. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात सगळ्यात अस्सल गाडीला पितळी ढाल मिळते. ती त्यांना एकदा तरी घरी आणायची होती. आता फक्त आतलं कार्पेट राहिलं होतं. कुजून त्याचा पार लगदा झाला होता.

यंदा नवं कार्पेट मिळालं. अगदी मूळ मापाचं, कडा शिवलेलं, सीटच्या बोल्टसाठी भोकंसुद्धा आयती पाडलेली. त्यासाठी बाबांनी फोन करकरून लोकांना भंडावून सोडलं होतं. कार्पेट आलं त्या दिवशी बाबा लढाई जिंकून आल्यासारखे घरभर फिरत होते. लगेच त्यांचा दोस्त, गाड्यांच्या सीटा आणि कार्पेट बसवणारा कुशनवाला, हजर झाला. हा माणूस हातापेक्षा तोंडानं जास्त काम करतो, पण कामात खोट नाही.

इथे माझ्या पायाबद्दल सांगायला हवं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत मला अपघात झाला आणि डावा गुडघा कायमचा ताठ झाला. तो वाकतच नाही. कुणाच्याही गाडीत पुढे बसायचं तर अर्धा पाय दाराबाहेर! बाबांच्या गाडीत मात्र मी पाय लांब करून ऐसपैस बसते. पूर्वीचे लोक गाड्यासुद्धा मोठ्या मनानं बनवायचे, असं मी वर्षानुवर्षं येईल त्याला ऐकवत आले होते.

त्या सकाळी दोघांनी अंगणात गाडीची दारं सताड उघडून सीटा बाहेर काढल्या, जुनं कार्पेट खरवडलं, पत्रा घासून लख्ख केला. मी चहा घेऊन गेले तर कुशनवाला आत डोकं घालून ओरडत होता.

"अरे, डावीकडे ही आठ भोकं कशी? पुढची चार कंपनीची. मागची कुणी पाडली? सीट चांगली वीतभर मागे सरकवलीय की!"

बाबा एक बोल्ट फडक्यानं पुसत बसले. तो आधीच स्वच्छ होता.

"हरकत नाही," कुशनवाला म्हणाला. "मागची बुजवून टाकू. सीट मूळ जागी, कार्पेट मूळ जागी. ढाल तुझीच समज."

मी चहा पायरीवर ठेवला. मला इस्पितळातला तो दिवस आठवला. बाबा एकदाच भेटायला आले होते. कशी आहेस, असंही विचारलं नाही. खिशातून टेप काढून त्यांनी माझा पाय कमरेपासून टाचेपर्यंत मोजला आणि निघून गेले. कुबडीचं माप घेत असतील, असं मला वाटलं. बाहेर नातेवाईक कुजबुजत होते, की पोरीला माहेरी पाठवलेलं बरं. बाबा त्यावर काहीच बोलले नव्हते, म्हणून मी रात्रभर धसका घेऊन पडले होते. आणि हा माणूस घरी येऊन, जिला कुणी ओरखडा काढला तर जेवायचा नाही, त्या गाडीच्या तळाला ड्रिल लावून बसला होता!

"बाबा, मूळ जागीच बसवा सीट," मी म्हणाले. "मी मागे आडवी बसेन. मला चालेल." आणि मला खरंच चाललं असतं.

"आरी तापव," बाबा कुशनवाल्याला म्हणाले.

"डोकं ठिकाणावर आहे ना? यात नवी भोकं पाडलीस की पुढची उघडी पडणार. आंधळ्यालाही दिसेल. ढालीवर पाणी सोड मग."

"तापव म्हटलं ना."

"माझ्याच्यानं नाही होणार. इतकं सुंदर कार्पेट!"

मग बाबांनीच ती जाड, टोकदार आरी तापवली; तापल्या टोकानं भोक पाडलं की कडेचे धागे सुटत नाहीत. खालून भोक चाचपत त्यांनी एकेक ठिकाणी ती टेकवली. जळक्या लोकरीचा वास अंगणभर पसरला. मी तिथेच पायरीवर बसून रडले. इतकी वर्षं या माणसाला मी घुम्या म्हणत होते, आणि तो मला रोज उचलून धरत होता. 

मेळाव्याला मी पुढच्या सीटवर बसूनच गेले. परीक्षक वाकून सगळी गाडी बघत आले. माझ्या पायाशी कार्पेटची चार मोकळी भोकं दिसली तसे थबकले.

"बाकी सगळं इतकं अस्सल, मग ही सीट मूळ जागी का नाही?"

"मूळ जागी आमची सून मावत नव्हती," बाबा म्हणाले, आणि फडकं घेऊन माझ्या बाजूची काच पुसायला लागले.